पायांखालची फळी

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. घरात राहायला आल्या त्याच वर्षी कानबाईंनी त्या भिंतीवर कपबशांची मांडणी ठोकून घेतली. मागच्या खोलीत कुणी दार आपटलं की मांडणीतले कप बशांवर किणकिणत. मुलं लहान असताना कोण रुसून आत गेलंय, थोरली की धाकटा, हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं.

कानबाई हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. विमानतळाच्या टॉवरमध्ये त्यांनी उभी हयात नोकरी केली, तिथे चिकटलेलं नाव. तो काळच निराळा होता. काचेच्या त्या उंच खोलीत दुर्बिणी असायच्या, विमानांच्या नोंदी करायच्या कागदाच्या पट्ट्या असायच्या, आणि रेडिओची खरखर एवढी की नवा माणूस पहिल्या दिवशी डोकं धरून बसायचा. त्या खरखरीतून कानबाईंना वैमानिकाचा आवाज ओळखू यायचा. त्याला सर्दी झालीय की तो घाबरलाय, तेही कळायचं. इंजिनाचा सूर जरा उतरला तरी बाकीच्यांच्या आधी त्यांची मान वर व्हायची. पुढे नोकरी संपली, तो टॉवर पाडून नवा उभा राहिला, नाव तेवढं मागे उरलं. घरातसुद्धा दोघं भावंडं एकमेकांना दटावायची, "हळू बोल, कानबाई ऐकताहेत."

थोरली लेक लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आईचं बोट धरून टॉवरच्या जिन्यावर चढलेली ही पोर मोठी होऊन वैमानिक झाली. दोन इंजिनांच्या छोट्या प्रवासी विमानात उजव्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, बसायची. आणि आता तिचे तेच पाय तिला दगा देत होते.

झालं होतं असं. कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खांबांवर डुलणाऱ्या त्या खोलीएवढ्या खोट्या विमानात, वैमानिकांची ठरावीक मुदतीने तपासणी होते. विमान जमीन सोडतं न सोडतं तोच तपासनीस एक इंजिन मारतो. मेलेल्या इंजिनाच्या बाजूला विमानाचं नाक झटकन वळतं. ते धरायला उलट्या बाजूचा पाय सुकाणूच्या पेडलवर दाबायचा, जीव खाऊन, आणि विचार करायच्या आधी. भिंगरीने विचार केला. तिने मान खाली घालून काट्यांकडे पाहिलं, कोणतं इंजिन गेलं ते शोधलं, आणि त्या घाईत पाय दाबला तोही चुकीचा. पडद्यावरची जमीन अंगावर आली. तपासनीस मनाने चांगला होता. तो एवढंच म्हणाला, "तुमचं डोकं चलाख आहे हो, पण पाय विचारत बसतात."

आणखी एकदा संधी होती. तीही गेली तर कॉकपिटचं दार तिच्यासाठी कायमचं बंद. मग कंपनीने मेहेरबानी केलीच तर खिडकीमागे बसून प्रवाशांची तिकिटं बघायची. आणि मधल्या दिवसांत सरावाला कंपनीचं यंत्र काही मिळणार नव्हतं.

"ताई, मी घरात बनवतो," धाकटा म्हणाला.

याचं नाव खटपट्या. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. घरातलं एकही घड्याळ त्याने उघडायचं ठेवलं नव्हतं.

"घरात? विमान?" कानबाईंनी विचारलं.

"विमान नाही गं आई, विमानाचं सोंग. पण असं सोंग की ताईला घाम फुटेल."

"घाम तिला आत्ताच फुटलाय. तू पाय चालतील असं काहीतरी कर."

मग जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली गेली आणि तिच्यावर सुटे भाग मांडले गेले. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, आणि विटेएवढं जाड ग्राफिक्स कार्ड. चित्र याच्याच जिवावर हलणार म्हणून त्याची बडदास्त मोठी. प्रोसेसरवर वाटाण्याएवढा थंडाव्याचा लेप ठेवून खटपट्याने वर पंखा दाबून बसवला तेव्हा कानबाई बॅटरी धरून उभ्या होत्या. ग्राफिक्स कार्ड पेटीत मावेना. त्याने आतला एक कप्पा उचकटून काढला आणि भिंगरीकडे बघून म्हणाला, "आता मावलं. विमानातसुद्धा पाय पसरायला जागा नसते, याचंही तसंच."

भिंगरी हसली नाही.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. खटपट्याने मेमरी काढून पुसली, पुन्हा बसवली, तारा हलवल्या. काळाच. भिंगरी नखं कुरतडायला लागली. "गेलं का रे? सगळं परत उघडायला लागणार?"

"थांबा जरा," कानबाई म्हणाल्या. "पंखे आधी चढले आणि मग शांत झाले. मशीन जागं झालंय. तुझा पडदाच झोपलाय."

खटपट्या वाकून मागे बघायला गेला, आणि कपाळावर हात मारून घेतला. पडद्याची तार त्याने नव्या कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या खाचेत लावली होती. दुकानात गिऱ्हाइकांच्या ज्या चुकीला तो पोट धरून हसायचा, नेमकी तीच.

पडदा उजळला. सगळं मागच्या खोलीत नेलं, मग दोन दिवस सेटिंगचं काम. आधी चित्र अडखळत होतं. अडखळत्या चित्रावर पाय कसे शिकणार? खटपट्याने ढग विरळ केले, झाडं कमी केली, लांबची गावं पुसून टाकली, तेव्हा धावपट्टी सुरळीत पळायला लागली. खेळासाठी मिळतं तसलं विमानाचं स्टिअरिंग त्याने आणलं होतं, ते टेबलाला शिकंज्याने आवळलं. त्याच्यासोबत आलेल्या पेडलचं मात्र जमेना. भिंगरीने जोर लावला की ते गुळगुळीत फरशीवरून पुढे निसटायचे. शेवटी त्याने ते एका जाड फळीवर स्क्रूने आवळले आणि फळीचं टोक भिंतीला भिडवलं. आता पाय खराखुरा दाबला की फळी भिंतीवर धप्प करून आदळायची आणि पलीकडे मांडणीतल्या कपबशा वाजायच्या.

"आई, कप दुसरीकडे हलवू का?" त्याने विचारलं.

"राहू देत. मला ऐकू येतंय ते बरं आहे."

सराव सुरू झाला. पहिल्या दिवसांत कानबाई स्वयंपाकघरात काही ना काही करत राहायच्या आणि कान भिंतीकडे. इंजिनांचा सूर चढायचा, चाकांचा खडखड आवाज थांबायचा, म्हणजे विमानाने जमीन सोडली. मग अचानक एक सूर बंद पडायचा. आता, आता, असं त्यांच्याच पायांना व्हायचं. जमिनीवर रोवलेला त्यांचा पाय आपोआप दाबला जायचा. आणि पलीकडून धप्प यायचं ते उशिरा. कधी एक यायचं, लगेच दुसरं यायचं, म्हणजे आधी चुकीचा पाय. त्यानंतर ती भयाण शांतता, म्हणजे विमान आदळलं.

भिंगरी बाहेर यायची तेव्हा तोंड उतरलेलं. ताटावर बसायची आणि घास चिवडायची. "मी मूर्ख आहे का गं आई? मला सगळं पाठ आहे. विचार कुठलंही."

"विचारत नाही. जेव."

खटपट्या ताईकडे बघत राहायचा. लहानपणी तिला कुणी बोललं तर हा रडायचा, तसाच चेहरा.

आणि मग एके दिवशी जमलं. भिंगरी आतून ओरडली, "सरळ! नाक सरळ राहिलं!" खटपट्याने टाळ्या वाजवल्या. पुन्हा जमलं. तिसऱ्यांदाही. "आता पेडल कसे हलके लागतात रे," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "स्प्रिंगा बसल्या असतील." त्या दिवशी भिंगरी दोनदा वाढून घेऊन जेवली. चालताना गुणगुणत होती. घरावर कित्येक दिवसांनी ऊन पडल्यासारखं झालं.

कानबाईंना मात्र चैन पडेना. कशाने ते त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. लेक हसतेय आणि आपल्याला ते गोड का लागत नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाचे कप पुसून त्या मांडणीत ठेवत होत्या. पलीकडे सूर चढला. चाकांची खडखड थांबली. एक इंजिन मेलं. कानबाई हातात बशी घेऊन थांबल्या. धप्प आलंच नाही. एकाही कपाने आवाज केला नाही. आणि भिंगरीचा आनंदी आवाज आला, "बघ, पुन्हा सरळ!"

कानबाईंनी बशी खाली ठेवली. गेले काही दिवस या कपबशा मुक्या होत्या, आणि तेच त्यांना डाचत होतं.

त्या मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भिंगरीची पाठ त्यांच्याकडे होती. पुन्हा उड्डाण, पुन्हा इंजिन बंद. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, खाली पायांकडे पाहिलं. मोज्यांतले ते पाय पेडलवर मांजराने पंजा ठेवावा तसे नुसते टेकलेले होते. आणि समोर विमान रुळावरून जावं तसं सरळ चाललं होतं.

"खटपट्या," त्या शांतपणे म्हणाल्या, "जरा स्वयंपाकघरात ये. गॅस नीट पेटत नाही."

त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅसबद्दल काही विचारलं नाही.

आत आल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं. "पाय न दाबता विमान सरळ कसं जातं रे?"

खटपट्याने मान खाली घातली.

"मी विचारतेय."

"एक सोय असते आई," तो पुटपुटला. "नवशिक्यांसाठी. सुकाणू कॉम्प्युटरच सांभाळतो. ती रोज पडत होती गं. तिचं तोंड बघवत नव्हतं मला. म्हटलं, एखाद्या दिवसापुरती लावू, तिला धीर आला की काढू. आणि मग ती इतकी हसली..."

"आणि काढलीच नाहीस."

"कशी काढू? काढली असती तर पुन्हा पडली असती." त्याने डोकं वर केलं. "आई, नको सांगूस. तिला विश्वास आलाय, तोच तर नव्हता! उद्या ती विश्वासाने जाईल. पाय आपोआप चालतील."

"कंपनीच्या यंत्रात ही तुझी सोय आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे उद्या इंजिन जाईल, ती अशीच पाय टेकवून बसेल आणि नाक फिरेल. तेव्हा तिला कळेल की तिच्या भावाने तिला फसवलं. जमिनीवर आदळता आदळता कळेल." कानबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. टॉवरमध्ये सगळं बिघडत चाललं की तो असाच खाली जायचा. "आणि पुढे कधी खऱ्या विमानात, माणसं मागे बसलेली असताना गेलं तर? पोरा, प्रेमाने घात केलास की रे तिचा."

खटपट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नंतर रड. आता तू सांगतोस की मी?"

"आत्ता सांगितलं तर ती मोडेल आई. तपासणी उद्यावर आलीय."

"आज मोडली तर मी आहे इथे, उद्या तिथे कोण आहे?"

दोघं आत गेले. भिंगरी नव्या उड्डाणासाठी धावपट्टीवर उभी होती. "काय झालं गॅसला?" तिने वळून न बघताच विचारलं. खटपट्या तिच्या शेजारी गेला. त्याने हात लांब करून माउस घेतला, पडद्यावर एक खिडकी उघडली, त्या सोयीपुढची खूण काढून टाकली, आणि पेडल किती दाबाला दाद देतात ती रेघ मूळच्या जागी ओढली.

"हे काय केलंस?"

"उडव," तो म्हणाला. "उडव ताई, मग सांगतो."

तिने खांदे उडवले आणि विमान सोडलं. सूर चढला, चाकांची खडखड थांबली, डावं इंजिन मेलं. नाक डावीकडे झपकन फिरलं. भिंगरीची मान काट्यांकडे गेली. पाय टेकलेलेच. तिने दचकून दाबला, डावा दाबला. क्षितिज उभं राहिलं, शेतं अंगावर आली आणि पडदा थिजला.

भिंगरीने दोन्ही पाय पेडलवरून काढून घेतले.

"किती दिवस?" भिंगरीने विचारलं.

"तू 'सरळ' म्हणून ओरडलीस, त्या दिवसापासून."

ती उठली. खुर्ची मागे पडली. कानबाईंना वाटलं आता ही त्याच्या एक ठेवून देणार, आणि दिली असती तरी त्या मध्ये पडल्या नसत्या. पण ती भिंतीला टेकून खालीच बसली. "मला वाटलं मला जमायला लागलंय रे," ती म्हणाली. एवढंच. खटपट्याला थोबाडीत परवडली असती.

कानबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं तर दोघीही रडत बसतील हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खुर्ची उचलून सरळ केली.

"भिंगरे, मला एक सांग. इंजिन गेलं की तू आधी कुठे बघतेस?"

"काट्यांकडे. कोणतं गेलं ते कळायला नको?"

"नको. मला टॉवरच्या काचेतून तुमचा एकही काटा दिसायचा नाही. नुसतं नाक दिसायचं. एकदा एक मालवाहू विमान माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे ओढलं गेलं, आणि 'डावं गेलं' असं मी आत बसलेल्यांच्या आधी म्हणाले. मी काही त्यांच्याहून हुशार नव्हते. बघायला माझ्यापुढे दुसरं काही नव्हतंच." त्या खटपट्याकडे वळल्या. "हे काटे लपवता येतात का?"

त्याने नाक पुसलं. "काटेच काय, आख्खं कॉकपिट लपवता येतं. नुसती धावपट्टी आणि आकाश राहील."

"लपव. आणि कोणतं इंजिन कधी मरेल ते तिलाही कळू नये आणि तुलाही."

खटपट्या कामाला लागला. कॉकपिट गेलं. इंजिनांचा बिघाड त्याने कॉम्प्युटरच्या मर्जीवर सोडला. पेडलखाली वाकून आणखी घट्ट स्प्रिंगा चढवल्या. भिंगरी अजून भिंतीशीच होती.

"नाही जमणार आई. एका दुपारीत नाही जमत असलं काही."

"नसेल जमत. पण खोट्या विमानात खोट्या पायांनी तू उद्या जाणार नाहीस. ऊठ."

ती उठली. भावाकडे न बघता बसली.

कानबाई स्वयंपाकघरात गेल्या, मांडणीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या आणि दार उघडंच ठेवलं. किती वर्षांनी कोण जाणे, त्यांनी तो आपला जुना आवाज काढला, सपाट, घाई नसलेला. "वारा डावीकडून, हलका. उड्डाणाला परवानगी."

सूर चढला. इंजिन मेलं. धप्प उशिरा.

"उशीर," कानबाई म्हणाल्या. "पुन्हा. परवानगी."

धप्प, धप्प. चुकीचा पाय, मग बरोबर.

"पुन्हा."

"आई, मला कोणतं गेलं ते कळतच नाहीये!"

"तुला कळायची गरजच नाही. नाक पळेल तिकडून त्याला ओढून आण. जो पाय रिकामा राहील त्या बाजूचं इंजिन मेलंय, ते नंतर बघ. परवानगी."

दुपार कलली. भिंगरी पडली, पुन्हा पडली, एकदा रागाने स्टिअरिंगवर मूठ आपटली. खटपट्या दर वेळी विमान मुकाट्याने धावपट्टीवर आणून ठेवत होता. आणि मग एका उड्डाणात सूर तुटला आणि त्याच श्वासात भिंत हादरली. मांडणीतले सगळे कप एकदम वाजले, आणि काठावरचा एक खाली येऊन फुटला.

"आई, काय फुटलं?"

"काही नाही. उड्डाण सोडू नकोस. नाक?"

"सरळ आहे." थोडं थांबून, अगदी हळू, "डावा पाय रिकामा. डावं गेलंय."

कानबाईंनी तुकड्यांकडे पाहिलं. लग्नातल्या सेटमधला कप होता. "परवानगी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पहाटेच गेली. कानबाईंच्या पाया पडली. भावाशी बोलली नाही. तो दुकानात गेला आणि दुपारीच परत आला. हातात पाना घेऊन मागच्या खोलीत शिरला.

"काय करतोस?"

"सोडवतो सगळं. तिला परत बघायला नको हे."

"ती येऊ दे आधी."

फोन वाजला नाही. कानबाई फोनजवळ बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. पास झाली असती तर हिने फोन केला असता, असं मन म्हणे. लगेच दुसरं मन म्हणे, नापास झाली असती तरी केला असता. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मग जिन्यावर पावलं वाजली. त्या पावलांवरून त्यांना आजवर तिचं सगळं कळत आलं होतं, शाळेतले मार्कसुद्धा. त्यांनी जिवाचा कान केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही कळेना. स्वतःच्या छातीतली धडधडच मोठी झाली होती.

भिंगरी आत आली. गणवेशातच. चेहरा दगडासारखा. आईकडे पाहिलं आणि तशीच मागच्या खोलीत गेली. कानबाई स्टुलावर बसल्या.

आतून धप्प आलं. कप वाजले. मग आणखी एक, दुसऱ्या पायाचं. पुन्हा कप वाजले.

"दोन्ही बाजूंची इंजिनं मारली त्यांनी!" आतून भिंगरी ओरडली, आणि आता तिचा आवाज फाटला होता. "आधी उजवं, मग डावं! मी काट्यांकडे बघितलंच नाही. तपासनीस मला म्हणाले, पाय कुठून आणलेत?"

कानबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आत खटपट्या पाना घेऊन उभा होता. कोपऱ्यात, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"तो पाना ठेव," भिंगरी म्हणाली. "फळीला हात लावलास तर बघ. पुढच्या तपासणीला मला ही लागणार आहे."

"म्हणजे मला माफ केलंस?"

"त्या तपासणीनंतर बघू. आणि सोयी कुठल्या कुठल्या आहेत ते सगळं मला दाखव आत्ता. सगळं."

कानबाईंनी चहा ठेवला. मांडणीतून कप काढताना काठावरची रिकामी जागा दिसली. बाकीचे कप मागे सरकवावेत का, असा क्षणभर विचार त्यांनी केला. मग होते तिथेच राहू दिले.